यीस्टला बोलतं कसं करायचं

सांखळीहून शिकायला आलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात तीन रिपोर्टांवर एकच वाक्य लिहिलं: ‘यीस्ट दिसले.’ एक नमुना लघवीचा, एक थुंकीचा, एक रक्ताच्या कल्चरचा, म्हणजे रक्त बाटलीत ठेवून जंतू वाढतो का ते पाहतात त्याचा. मी तिन्ही कागद तिच्यापुढे ठेवले आणि विचारलं, ‘‘यांतला कुठला पेशंट धोक्यात आहे?’’ ती गप्प. मग म्हणाली, ‘‘ताई, तिन्ही स्लाइडी सारख्याच दिसल्या.’’

दिसणारच. ग्रॅम स्टेन या रंगाखाली जांभळी, अंडाकृती, कुशीला कळी फुटलेली पेशी; स्टॅफ या जिवाणूच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी मोठी. आमच्या गल्लीतला पोदेर, म्हणजे पाववाला, पिठात घालतो ते यीस्टही असंच दिसतं. पूर्वी पाव सुरेवर, म्हणजे माडाच्या ताडीवर, फुगवायचे, तिच्यातलंही असंच. फोंड्यात तिस्काजवळच्या छोट्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, आणि माझी खात्री झाली आहे की यीस्टच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. त्याला शरीरासारखी परिस्थिती द्यायची आणि ते काय करतं ते पाहायचं. ३७ अंश, सीरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी), साखर, चिकटायला भिंत. एवढं मिळालं की उपद्रवी यीस्ट आपणहून बोलू लागतं.

पुढे लिहिलंय ते लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी. घरी करून पाहायचं हे काम नाही, हे सांगायला लागू नये, पण एकदा एका विद्यार्थ्याच्या डब्याच्या पिशवीत मला सबुरोची, म्हणजे बुरशी वाढवायच्या अगारची, प्लेट सापडली होती, म्हणून सांगते.

आधी कागद, मग स्लाइड

नमुना कुठून आला, हे वाचल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू नका. कॅन्डिडा, आमच्या टेबलावर नेहमी येणारं यीस्ट, आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात एरवीही राहत असतं. थुंकीत यीस्ट आलं तर बहुतेक वेळा ते तोंडातलंच असतं. कॅथेटर घातलेल्या माणसाच्या लघवीत आलं तर ते बऱ्याचदा नळीवर वस्तीला आलेलं असतं. रक्तात आलं तर मात्र ते ‘कंटॅमिनेशन’ कधीच धरायचं नाही. एका बाटलीत आलं तरी नाही. त्या मुलीच्या तीन कागदांत धोक्यातला माणूस हा होता.

फॉर्मवर आणखी काय पाहायचं? साखर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त, २६.४ टक्के, निघालं. म्हणजे आमच्या टेबलावर येणाऱ्या फॉर्मांपैकी दर चौथ्यामागे मधुमेही माणूस असू शकतो. स्टिरॉइड चालू आहेत का, अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स झालाय का, कवळी आहे का, गळ्यातून मोठ्या शिरेत नळी घातली आहे का. डॉक्टर हे रकाने रिकामे सोडतात. फोन करा. शिव्या बसतील, बसू देत.

हे इतकं का? कारण नुकसान एकटं यीस्ट करत नाही. कासादेवाल आणि पिरोफ्स्की या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये ही गोष्ट नीट मांडली: रोग म्हणजे जंतू आणि शरीर यांच्या झटापटीत होणारं नुकसान, कधी शरीर कमी लढलं म्हणून, कधी जास्त लढलं म्हणून. योनिमार्गाच्या कॅन्डिडाचंच बघा. २००४ मध्ये एका प्रयोगात तयार असलेल्या निरोगी बायकांना मुद्दाम कॅन्डिडा दिलं. काहींना काहीच झालं नाही, काहींना जळजळ सुरू झाली. जळजळ होणाऱ्यांच्या स्रावात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची, म्हणजे पसपेशींची, गर्दी होती. म्हणजे त्रासाचा मोठा वाटा आपल्याच सैनिकांचा. म्हणून स्वॅबच्या स्लाइडवर यीस्ट मोजता तशा पसपेशीही मोजून लिहा.

मोड आणणं

आता माझी सर्वांत आवडती टेस्ट, जर्म ट्यूब. कॅन्डिडा अल्बिकन्स ही जात आम्ही तिच्यावरून ओळखतो. मराठीत मी तिला ‘मोड आणणं’ म्हणते, आणि ज्याने मूगागाठीसाठी मूग भिजवलेत त्याला वेगळं चित्र काढून दाखवावं लागत नाही.

छोट्या काचेच्या नळीत अर्धा मिलिलिटर सीरम घ्या. २४ ते ४८ तासांची ताजी कॉलनी हवी. पाश्चर पिपेटचं टोक कॉलनीला नुसतं टेकवा आणि सीरममध्ये ढवळा. ३७ अंशांवर दोन ते तीन तास. मग एक थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, ४० च्या लेन्सखाली पाहा. गोल पेशीतून एक बारीक, सरळ नळी निघालेली दिसली, आणि जिथून निघाली तिथे कंबर आवळलेली नसली, तर टेस्ट पॉझिटिव्ह. ती कंबर फार महत्त्वाची. मुळाशी चिमटा काढल्यासारखी खाच असेल, उसासारखी पेरं दिसत असतील, तर ते खोटे मोड. कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस हा खेळ करतं, आणि नळी तीन तासांपेक्षा जास्त ठेवलीत तर हमखास फसवतं. म्हणून रोज दोन नळ्या जास्तीच्या लावायच्या: एक ओळखीचं अल्बिकन्स, एक ओळखीचं ट्रॉपिकॅलिस. ‘किती म्हारग पडतं ताई’ म्हणून ही दोन कंट्रोल वाचवणाऱ्याला मी प्लेटा धुवायला बसवते.

सीरम कुठलं? काल उरलेलं कुणाचंही, ही छोट्या लॅबमधली जुनी खोड. तो माणूस फ्लुकोनॅझोल हे बुरशीचं औषध घेत असेल तर ते सीरममध्ये आहे, मोड अडू शकतात. शिवाय त्या नळीत कावीळ किंवा एचआयव्ही काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. तपासून घेतलेलं सीरम एकत्र करून छोट्या वाट्यांत गोठवून ठेवा. विकतचं मिळालं तर उत्तम.

माझी स्वतःची चूक सांगते. नोकरीला लागून वर्ष झालं नसेल. संध्याकाळची वेळ, घाई, मी लूपभर कॉलनी उचलली आणि सीरम ताकासारखं पांढरं केलं. म्हटलं, जास्त पेशी म्हणजे जास्त मोड. तीन तासांनी एकही मोड नाही. मी ‘अल्बिकन्स नाही’ असं लिहून घरी गेले. सुदैवाने आमच्या मोठ्या बाईंनी कॉर्नमील अगारवरही ते लावून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यावर धाग्यांच्या टोकांना जाड भिंतीचे टपोरे गोळे, क्लॅमिडोस्पोर, हजर. अल्बिकन्सच होतं. बाई काही बोलल्या नाहीत. फक्त माझी नळी उजेडासमोर धरून म्हणाल्या, ‘‘एवढ्या गर्दीत कोण पाय पसरेल?’’

त्या हे अनुभवाने म्हणाल्या, पण ते अक्षरशः खरं निघालं. कॅन्डिडा अल्बिकन्स गर्दी झाली की फार्नेसॉल नावाचा रेणू बाहेर सोडतं. तो साचला की पेशींना निरोप मिळतो: आता लांबू नका. २००१ मध्ये हे उजेडात आलं. हाच फार्नेसॉल फुलांच्या तेलांत असतो, अत्तरांतही वापरतात. तेव्हा ‘कॉलनीला नुसतं टेकवा’ ही सूचना टापटिपीसाठी नाही. जास्त घेतलंत की यीस्टच एकमेकांना गप्प करतं.

आता मोड येण्यात एवढं घातक काय? गोल यीस्ट पेशी रक्तातल्या भक्षक पेशीने गिळली की खरं तर विषय संपायला हवा. पण आत गेल्यावर ती मोड काढते, लांबत जाते आणि गिळणाऱ्याचंच पोट फाडून बाहेर येते. कातडीच्या आणि आतड्याच्या अस्तरावरही हेच: गोल पेशी वर बसून राहते, धागा आत घुसतो. धाग्यावर चिकटवणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक, एएलएस-३, आपल्या पेशीला धरतं, तिला भुलवून स्वतःला आत ओढून घ्यायला लावतं, आणि वर तिच्यातलं लोहही उचलतं. एका हाताने तीन कामं.

आणि विष? कितीतरी वर्षं पुस्तकांत असं होतं की कॅन्डिडाकडे जिवाणूंसारखं खास विष नाही. २०१६ मध्ये ते सापडलं: कॅन्डिडालायसिन, अवघ्या ३१ अमिनो आम्लांची साखळी. ती आपल्या पेशीच्या पडद्याला भोकं पाडते. गोल यीस्ट ती बनवत नाही, धागा बनवतो. म्हणजे तीन तासांत लेन्सखाली तुम्हाला मोड दिसतो तेव्हा विषाचा कारखाना उघडलेला असतो.

एक प्रयोग मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. २००३ मध्ये संशोधकांनी असं अल्बिकन्स तयार केलं की त्याचं लांबणं बाहेरून बंद-चालू करता येईल. गोल रूपात ते उंदरांच्या शिरेत टोचलं. ते मूत्रपिंडात पोचलं, तिथे भरपूर वाढलं, आणि उंदीर जगले. मग लांबण्याची परवानगी दिली, आणि उंदीर मेले. ‘यीस्ट दिसले’ आणि ‘यीस्टने इजा केली’ यांत केवढं अंतर आहे ते यातून समजतं. पण उलटंही करू नका. कायम धाग्याच्या रूपात अडकवून ठेवलेले प्रकारही उंदरांना मारत नाहीत. घातक असतं ते वेळ पाहून रूप बदलणं.

अंड्याचा बलक

ही टेस्ट रोजच्या रिपोर्टसाठी नाही. शिकवायला आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला मात्र फार छान. १९८२ पासून वापरात आहे. सबुरो अगारमध्ये एक मोलर मीठ, ०.००५ मोलर कॅल्शियम क्लोराइड आणि शंभराला आठ या मापाने निर्जंतुक बलक घालायचा. बलक ऑटोक्लेव्ह करू नका, ऑम्लेट होईल. मिडियम हाताला सोसेल इतकं निवल्यावर मिसळा. यीस्टचा ठिपका ठेवा, ३७ अंशांवर तीन-चार दिवस.

पेशींचे पडदे फॉस्फोलिपिडचे असतात, बलकातही तेच. यीस्टने फॉस्फोलायपेज हे एंझाइम सोडलं की ते बलकातला लेसिथिन तोडतं आणि कॉलनीभोवती पांढरट वलय उमटतं, चंद्राला खळं पडतं तसं. कॉलनीचा व्यास भागिले वलयासकट व्यास. उत्तर १ आलं तर काही सोडलेलं नाही. जितकं कमी, तितका जोर जास्त. मुलं दरवर्षी हे उलटं लिहितात.

आमच्याकडे एक तंत्रज्ञ श्रावण कडक पाळायचे. अंडं फोडणार नाहीत, फोडलेल्या भांड्याला हात लावणार नाहीत. आम्ही बलकाच्या प्लेटा आषाढातच ओतून ठेवायचो. सांगायचं म्हणजे, ताज्या प्लेटांवर वलय स्वच्छ दिसतं, महिन्याच्या शिळ्या प्लेटांवर नाही. पुढे ते काम मीच अंगावर घेतलं.

प्रथिनं तोडणारी एंझाइमंही असतात. अल्बिकन्सकडे एसएपी जनुकांची दहांची फौज आहे. ती पाहायला बलकाऐवजी अल्ब्युमिनची प्लेट लागते. तत्त्व तेच, म्हणून पुढे जाते.

नळीच्या भिंतीवर

पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यावर शेवाळ धरतं ते नखाने खरवडून पाहा. वरचं निघतं, खालचं दगडात रुतून बसतं. कॅथेटरवर, कवळीवर, शिरेतल्या नळीवर कॅन्डिडा असाच थर धरतं: पेशी, धागे, आणि त्यांना बांधून ठेवणारा चिकट गोंद. यालाच बायोफिल्म म्हणतात. त्यात बसलेलं यीस्ट नेहमीच्या मात्रेतल्या फ्लुकोनॅझोलला जवळजवळ भीक घालत नाही. नळी काढल्याशिवाय ताप उतरत नाही असे पेशंट असतात ते यामुळे.

पाहायचं कसं? सबुरो ब्रॉथमध्ये आठ टक्के ग्लुकोज घाला, यीस्ट सोडा, ३७ अंशांवर २४ तास ठेवा. मग द्रव ओतून टाका, नळी हलक्या हाताने धुवा, सॅफ्रॅनिन हा लाल रंग भरा, थोड्या वेळाने तेही ओता, नळी उपडी वाळवा. भिंतीवर लाल पापुद्रा राहिला तर थर धरलाय. द्रवाच्या पातळीवर जी लाल रेघ उरते ती मोजायची नाही, थर भिंतीवर आणि तळाशी हवा. टेस्ट स्वस्त आहे, नजरेवर अवलंबून आहे, दोघांनी वेगवेगळं वाचून मग वही उघडावी. आणि ग्लुकोज आठ टक्के का, असं कुणी विचारलं की मी फॉर्मवरच्या साखरेच्या रकान्याकडे बोट दाखवते. हुबेहूब तसं नाही, रक्तात कुणाची एवढी साखर नसते. पण गोड घर यीस्टला आवडतं, एवढं लक्षात राहतं.

कारळे

आमची आई चंदगडकडची. तिच्या माहेरहून कारळ्याची चटणी यायची, काळी, खमंग, भाकरीबरोबर. लॅबमध्ये आल्यावर कळलं की याच कारळ्यांनी जगभर क्रिप्टोकॉकस, मेंदूवर जाणारं एक यीस्ट, पकडतात. स्टाइब या जर्मन शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये ही युक्ती काढली. कारळे दळायचे, पाण्यात अर्धा तास उकळायचे, गाळून त्या अर्काचं अगार करायचं. क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स त्यावर दोन ते पाच दिवसांत तपकिरी होतं. कॅन्डिडा पांढरं राहतं.

होतं काय, तर कारळ्यांतल्या फिनॉल-जातीच्या द्रव्यांपासून ते लॅकेज नावाच्या एंझाइमने मेलॅनिन बनवतं आणि अंगाला फासतं. शरीरात कारळे नसतात, पण मेंदूत डोपामिनसारखी द्रव्यं असतात आणि त्यांवरही हे लॅकेज चालतं. भक्षक पेशी जंतूंवर जो रासायनिक मारा करतात, तो हा रंगाचा लेप सोसतो.

दुसरं कवच तुम्ही पाच मिनिटांत पाहू शकता. पाठीच्या पाण्याचा नमुना फिरवून तळाचा थेंब घ्या, शेजारी इंडिया इंकचा छोटा थेंब, कव्हरस्लिप. शाई इतकीच हवी की स्लाइड वर्तमानपत्रावर धरली तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. काळ्या पार्श्वभूमीवर गोल पेशी आणि तिच्याभोवती रेखीव, रिकामी, उजळ कडी दिसली, त्यातून कळीही निघालेली असली, तर उठा आणि फोन करा. पांढऱ्या पेशीही कधी कधी उजळ कडीचा भास करतात, पण त्यांची कड विसविशीत असते आणि आतून कळी निघत नाही. ही कडी म्हणजे साखरेच्या साखळ्यांची जाड गोधडी. ती पांघरलेल्या पेशीला गिळणं भक्षक पेशीला जड जातं. गोधडी हरवलेले प्रकार उंदरांत निरुपद्रवी ठरले आहेत. एक खबरदारी: शाईत काही दिसलं नाही म्हणून सुटका नाही. अँटिजेनची, म्हणजे जंतूचे अंश ओळखणारी, पट्टी शाईपेक्षा कितीतरी जास्त पकडते, एचआयव्हीच्या पेशंटमध्ये ती लावल्याशिवाय ‘नाही’ लिहू नका.

हे यीस्ट कबुतरांच्या विष्ठेत आणि मातीत राहतं, त्याला माणसाशी घेणंदेणं नाही. मग ही कवचं कशासाठी? मातीतले अमिबा त्याला खातात, आणि २००१ मध्ये दाखवलं गेलं की अमिबाने गिळल्यावरही ते तसंच वागतं जसं आपल्या भक्षक पेशीने गिळल्यावर. दुसऱ्याच लढाईसाठी घडवलेली हत्यारं आपल्यावर चालतात, बस्स.

मोड न येणारे

आता या सगळ्याला छेद देणारी गोष्ट. कॅन्डिडा ऑरिस. जपानमध्ये एका बाईच्या कानातून वेगळं केलेलं हे यीस्ट २००९ मध्ये जगासमोर आलं, म्हणून ‘ऑरिस’, लॅटिनमध्ये कान. याला सीरममध्ये मोड येत नाहीत. माझ्या आवडत्या टेस्टमध्ये ते साळसूद ठरतं. पण ४२ अंशांवरही वाढतं, कातडीवर आणि खाटेच्या दांडीवर टिकून राहतं, एका पेशंटवरून दुसऱ्यावर जातं, आणि त्याचे बरेचसे प्रकार फ्लुकोनॅझोलला जुमानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये घातक बुरशींची यादी काढली, तिच्या सर्वांत वरच्या गटात अल्बिकन्स आणि क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सच्या पंक्तीला ऑरिस आहे. जुनी ओळखयंत्रं त्याला ‘हेम्युलोनाय’ या दुसऱ्याच कॅन्डिडाचं नाव देऊन मोकळी होत. म्हणून आयसीयूतून आलेलं, मोड न येणारं, औषधांना न जुमानणारं यीस्ट आपल्याच टेबलावर सोडवत बसू नका. माल्डी-टॉफ, म्हणजे प्रथिनांवरून जंतू ओळखणारं यंत्र, आहे तिथे पाठवा, आणि वॉर्डला त्याच दिवशी कळवा.

उलट मोड आले म्हणून लगेच ‘अल्बिकन्स’ असंही ठासून लिहू नका. १९९५ मध्ये डब्लिनमध्ये ओळखलेलं कॅन्डिडा डब्लिनिएन्सिस तसेच मोड काढतं. ‘बहुधा’ हा शब्द रिपोर्टवर लिहायला लाज वाटू नये.

आणि पोदेराचं यीस्ट? त्याच जातीचा एक भाऊ, सॅकरोमायसिस बूलार्डी, जुलाबावर पुडीतून देतात. धडधाकट माणसाला काही करत नाही. पण मोठ्या शिरेत नळी असलेल्या पेशंटच्या खाटेशी पुडी फाडली, हातावरची पूड नळीच्या तोंडाला लागली, आणि रक्तात यीस्ट वाढलं, अशा घटना नोंदलेल्या आहेत. ना मोड, ना गोधडी. दार उघडं मिळालं.

काम झालं की नळ्या-प्लेटा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्हमध्ये, टेबल हायपोक्लोराइटने. सांखळीच्या मुलीने तो रक्ताचा रिपोर्ट पुन्हा लिहिला: ‘एका बाटलीत यीस्ट वाढले. जर्म ट्यूब पॉझिटिव्ह, बहुधा कॅन्डिडा अल्बिकन्स. कंटॅमिनेशन समजू नये. शिरेतील नळी असल्यास तिचा विचार व्हावा.’ मी खाली फक्त वेळ घालायला सांगितली, कारण छापील कागद पोचेपर्यंत थांबायचं नसतं. तिने वॉर्डला फोन लावला, आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: फोन ४.२०, सिस्टरनी ऐकून परत वाचून दाखवलं.